म्हैसासुराचा मान

हिर्डोशीच्या पुढं, डोंगराच्या पोटाशी आमचं गाव होतं. आता तिथं धरणाचं पाणी आहे. लोक विचारतात, "बुडालेलं गाव का तुमचं?" हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. होडी बुडते, पोहता न येणारा माणूस बुडतो. आमच्या गावावर पाणी आणून सोडलं. मोजणी करून, नोटिसा लावून, अंगठे घेऊन सोडलं. मी भोरच्या एका शाळेत इतिहास शिकवते आणि वर्गात कुणी हा शब्द वापरला तर तो खोडायला लावते. शिक्षकांच्या खोलीत बोललं जातं की बाई उगीच चिडतात. चिडते खरी. पण उगीच नाही.

चैत्रात आमच्या देवीची जत्रा असायची. जत्रेत दोन सोंगं निघायची, एक देवीचं आणि एक म्हैसासुराचं. दोन लाकडी मुखवटे होते, कुणी कोरले ते कुणालाच माहीत नव्हतं. देवीचा शेंदरी, मोठ्या डोळ्यांचा. म्हैसासुराचा काळा, कामट्यांवर कापड चढवून केलेल्या शिंगांचा, आ वासलेला. घालणाऱ्याला त्या वासलेल्या तोंडातूनच बाहेरचं दिसायचं. म्हैसासुराचा मान आमच्या घराकडं होता, म्हणजे माझ्या वडिलांकडं. त्यांना आम्ही आबा म्हणतो. देवीचा मान आबांच्या थोरल्या चुलतभावाकडं. त्यांना मी काका म्हणते.

सकाळी देवळापासून युद्ध सुरू व्हायचं. पुढं संबळ, मागं सगळं गाव. गल्लीगल्लीतून लढत दोघं शेवटी खळ्यावर यायचे आणि तिथं म्हैसासुर पडायचा. देवी त्याच्या छातीवर पाय ठेवायची, तेव्हा संबळ थांबायचा आणि लहान मूलसुद्धा रडायचं नाही. मग देवी वाकायची, म्हैसासुराच्या कपाळाला भंडारा लावायची आणि त्याचा हात धरून त्याला उठवायची. ज्या हातानं मारलं त्याच हातानं उठवायचं, असा रिवाज. तो उठला की वर्ष नीट जाणार, असं सगळे धरून चालायचे.

बाईनं मुखवट्याला शिवायचं नाही, हाही रिवाजच. खळं आदल्या दिवशी सारवायचं काम बायकांचं. देवीला नेसायला लुगडं जायचं ते माझ्या आईचं. पुरुष आईचं लुगडं नेसून देवी व्हायचा आणि आईला मात्र त्या दिवशी सोंगापासून दहा हात लांब उभं राहावं लागायचं. तिनं कधी तक्रार केली नाही. तिच्या वाटची ती तक्रार माझ्या अंगात साठत गेली असावी.

मला भाऊ नाही. लहानपणी मी भात कापून झालेल्या खाचरात एकटीच म्हैसासुर व्हायचे. धावत जायचं, गिरकी घ्यायची, पडायचं. एकदा आबांनी बांधावरून पाहिलं. मला वाटलं, आता मार बसणार. त्यांनी बिडी विझवली, खाली उतरले आणि म्हणाले, "आदी डावा पाय दुमडायचा. न्हाईतर डोकं आपटंल." मग दोन-तीन वेळा पडून दाखवलं, आणि घरी कुणाला सांगू नको म्हणाले. पुढं मी बरीच वर्षं तसं पडत राहिले. कुणी मारायला नसायचं.

धरणाचं नक्की झालं तेव्हा मी सातवीत होते. काही घरांनी खाली पूर्वेला, कालव्याच्या मुलखात जमीन घेतली. काहींनी जायला नकार दिला आणि पाणी जिथवर येणार होतं त्याच्या वर, डोंगराच्या उतारावर झोपड्या घातल्या. आम्ही खाली जाणाऱ्यांतले, काका वर राहणाऱ्यांतले. देवळात बैठक बसली ती मुखवट्यांवरून. खालचे म्हणाले, दोन्ही आमच्याबरोबर येतील, आम्ही संख्येनं जास्त. वरचे म्हणाले, देवीची जागा डोंगर, ती कुठं जायची नाही. जमीन घेणारा साहेब आला होता तेव्हा याच माणसांनी खाली मान घालून अंगठे उठवले होते. मुखवट्यांवरून मात्र एकमेकांच्या अंगावर धावून गेली. दोन जणांची डोकी फुटली. शेवटी ठरलं, देवी वर राहील, म्हैसासुर आबांबरोबर खाली जाईल. त्या दिवसापासून आबा आणि काका एकमेकांशी बोलायचे बंद झाले. एकाच ताटात जेवलेली माणसं. मला अजून कळत नाही, ज्यानं घर नेलं त्याच्यावरचा राग असा भावावर कसा काढता येतो. की तेवढाच काढता येतो म्हणून?

खाली नव्या गावठाणात पहिल्या चैत्रात आबांनी सोंग घेतलं. सरळ रेषेत आखलेले प्लॉट, मधे रुंद रस्ता, झाड एक नाही. संबळ वाजत होता आणि आबा एकटेच लढत होते. हवेतले वार चुकवत होते. पाण्याच्या टाकीपाशी आले तेव्हा पडायचं की नाही हे त्यांनाच कळेना, कारण मारणारी देवीच नव्हती. थोडा वेळ ते तसेच डुलत उभे राहिले आणि मग टाकीच्या कट्ट्यावर बसले. आजूबाजूच्या गावची माणसं बघायला आली होती, ती हसली. वर काकांनी म्हणे तशीच देवी नाचवली, समोर कुणी नसताना तलवार फिरवत. दोन-तीन वर्षं दोन्हीकडं असं चाललं. मग आबांनी मुखवटा आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला. वर देवीचा मुखवटा नव्यानं बांधलेल्या देवळात नुसता मांडून ठेवू लागले.

मी शिकले, भोरला नोकरी लागली, लग्न झालं. आमच्या तालुक्यात इतिहास म्हटला की गड. सहल काढायची तर राजगड, नाहीतर रायरेश्वर. गुंजवण्याकडं माझी मावशी दिलेली आहे, तिच्या भावकीचीही शेतं धरणाखाली गेली. आम्ही मुलांना घेऊन तिथून पुढं राजगड चढायला जातो आणि त्या पाण्याकडं बोट दाखवून कुणी काही सांगत नाही. पुस्तकात नाही ते परीक्षेत नाही, आणि परीक्षेत नाही ते घडलंच नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी पुण्याची एक मुलगी शाळेत मला भेटायला आली. तिशीची असेल. मुखवटे घेऊन ती प्रयोग करायची. नाटक म्हणू नका, प्रयोग म्हणा, असं तिचं म्हणणं. वरच्या वस्तीत तिनं देवीचा मुखवटा पाहिला होता, तिथं तिला म्हैसासुराबद्दल कळलं आणि माग काढत ती माझ्यापर्यंत पोचली. पुण्यातल्या एका संग्रहालयात तिला दोन्ही मुखवटे समोरासमोर आणायचे होते. स्मृती या विषयावर, म्हणाली. मुलगी वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकते. ती एसटीनं यायची, खाली आबांकडं पिठलं-भाकरी खायची, आबांचं तासन् तास ऐकायची. तिच्यावर रागावणं सोपं नव्हतं, म्हणून राग जास्त यायचा.

आबा ऐकणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "दादा येनार हाय का?" ती म्हणाली, काकांनी होकार दिलाय. आबा म्हणाले, "माझं गुडघं गेल्यात. म्या पडलो तर उठायचो न्हाई. हिला घालू द्या. हिला येतंय."

आबा हे चारचौघांत बोलले. खाचरातली गोष्ट त्यांच्या ध्यानात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी गावठाणातली चार वडीलधारी माणसं आबांच्या ओसरीवर येऊन बसली. मी चहा केला. बाईनं सोंग घेतलेलं चालायचं नाही, असं त्यांनी मला न सांगता आबांना सांगितलं. मी समोर कप ठेवत होते तरी माझ्याकडं कुणी पाहिलं नाही. आबा म्हणाले, मान माझा आहे, मी ठरवतो. वाद वाढला. शेवटी एकानं वरच्या वस्तीतल्या पंचांना मोबाईल लावला आणि स्पीकरवर टाकला.  तिकडचा माणूस म्हणाला, "म्युझियममधी कुठं देव असतोय? तितं काय, चालंल की."

ओसरीवरची सगळी माणसं एकदम मोकळी झाली. व्हय की, म्हणाली. गावात न्हाई ना, मग काय. चहा प्यायली, आबांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि गेली. मला लहानपणापासून जे हवं होतं ते मिळालं होतं आणि माझे कान तापले होते. म्हैसासुर जिवंत होता तोवर मला शिवू दिलं नाही. आता तो मेला अशी खात्री पटली, तेव्हा म्हणाले, घे.

तरी मी घेतला. नाही म्हणायला हवं होतं की नको, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. नाही म्हटलं असतं तर ट्रंक उघडलीच नसती.

तालमी संग्रहालयाच्याच एका दालनात झाल्या. भोवती काचेच्या कपाटांत जाती, समया, पालख्यांचे दांडे, कुणाकुणाच्या देव्हाऱ्यातले टाक. पहिल्या दिवशी काका वरच्या माणसांबरोबर टेम्पोतून आले. आबा आधीच खुर्चीत बसले होते. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि दोघांनीही दुसरीकडं मान फिरवली. काका सत्तरीच्या पुढचे, पण काठीसारखे ताठ.

त्या मुलीनं सांगितलं, संबळ नको. युद्धही नको. देवी दालनाच्या एका टोकाकडून येईल, म्हैसासुर दुसऱ्या टोकाकडून, अगदी सावकाश. मागं पाण्याचा आवाज चालू राहील. दोघं हातभर अंतरावर येतील आणि तिथंच थांबतील. कधीच भिडणार नाहीत. तेच या प्रयोगाचं म्हणणं आहे, ती म्हणाली. काकांनी तिला विचारलं, मग मारायचं कधी? ती हसून म्हणाली, मारायचं नाही काका. काकांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली आणि जागेवर जाऊन उभे राहिले.

सुरुवातीला एक मजकूर ऐकवला जाणार होता. तिच्याच आवाजात, फार सुंदर मराठीत. त्यात आमचं गाव लुप्त झालं होतं आणि माणसं हरवली होती. ऐकून संपल्यावर मी म्हणाले, "कोण हरवलंय? आबा हे बसलेत, काका ते उभे आहेत. आम्हाला उठवलं म्हणा. लुप्त काय, आपोआप होतं का कुणी?"

"ताई, ते रूपक आहे," ती म्हणाली.

"मग तुमच्या गावाचं वापरा."

तिचा चेहरा पडला. तिनं मजकूर बदलायचा प्रयत्न केला, हे खरं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, संग्रहालयवाल्यांना 'उठवलं' हा शब्द थोडा कडक वाटतोय, आपण 'विस्थापित' म्हणूया. मी म्हटलं, हा शब्द आमच्या गावात एकालाही म्हणता येत नाही. शेवटी लुप्तच राहिलं.

प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी दालन भरलं होतं. चांगल्या कपड्यांतली, हळू बोलणारी माणसं भिंतीला टेकून उभी होती. आबांची खुर्ची पुढं होती. पडद्यामागं मी मुखवटा चढवला. आत धुराचा, तेलाचा आणि आबांच्या घामाचा वास होता, इतक्या वर्षांनंतरही. वासलेल्या तोंडातून मला फक्त समोरची फरशी आणि लोकांच्या चपला दिसत होत्या.

मजकूर संपला, पाण्याचा आवाज सुरू झाला. मी सांगितल्याप्रमाणे सावकाश चालत निघाले. समोरून लुगड्याचा काठ दिसायला लागला. काका कुणाचं लुगडं नेसले होते कोण जाणे, आई तर केव्हाच गेली होती. हातभर अंतरावर आम्ही थांबलो. आता इथंच उभं राहायचं होतं, दिवे विझेपर्यंत. काकांच्या श्वासाचा आवाज मुखवट्यातून बाहेर येत होता. तेवढ्यात आबा खुर्चीतून बोलले, मोठ्यानं नाही, शेतावर कुणाला हाक मारावी तसं.

"दादा, किती येळ हुभा ऱ्हानार?"

काकांची तलवार हलली. खांद्यावर पहिला वार आला तो मी चुकवला कसा, मला माहीत नाही. पायांनी चुकवला. मग आम्ही दोघं थांबलोच नाही. संबळ नव्हता म्हणून आबा खुर्चीच्या हातावर ताल धरू लागले. लोक भिंतीला चिकटले. कुणीतरी पाण्याचा आवाज बंद केला. एक रखवालदार कपाटांपुढं हात पसरून उभा राहिला, त्याचे बूट मला दिसत होते. काका म्हातारे आहेत हे मी विसरले आणि मी बाई आहे हे तेही विसरले असावेत. दालनाच्या मधोमध मी गिरकी घेतली, डावा पाय दुमडला आणि पडले. डोकं आपटलं नाही.

आता पाय यायचा होता. मी वर पाहत होते. वासलेल्या तोंडातून शेंदरी चेहरा आणि त्याखाली उचललेला पाय दिसला. काळा, भेगाळलेला. तो माझ्या छातीवर आला आणि वीतभर वर थांबला.   पाय तसाच मागं गेला, जमिनीवर टेकला आणि काका वळून चालते झाले. भंडारा नाही, हात नाही. मी फरशीवर पडून राहिले.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कितीतरी वेळ टाळ्या वाजत होत्या. त्यांना वाटलं, हेच दाखवायचं होतं. मी माझी मीच उठले. पडद्यामागं ती मुलगी रडत रडत मला बिलगली, म्हणाली, ताई, तो थांबलेला पाय, काय सुचलं तुम्हाला. मी तिचे हात सोडवले. म्हटलं, काही सुचलेलं नाही, मोडलंय ते. तिला ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

मागच्या अंगणात काका मुखवटा मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसले होते. आबा काठी टेकत त्यांच्यापुढं गेले.

"पाय का मागं घेतलास?"

काका खाली बघत म्हणाले, "लेकीच्या छातीवर पाय कसा ठिवू रं?"

"लेक कुटं व्हती तितं? म्हैसासुर व्हता."

"मला लेक दिसली."

 आबा काठी बाजूला ठेवून काकांच्या शेजारी बसले. काकांनी विचारलं, गुडघ्याला काय लावतोस? आबांनी कसल्याशा तेलाचं नाव सांगितलं. दहा मिनिटांत ते कुणाच्या पोराचं लग्न मोडलं, कुणाची गाय विकली, इथवर पोचले. वाटेत खायला मी भाकरी बांधून आणली होती, तीही दोघांनी वाटून खाल्ली. इतक्या वर्षांचा अबोला असा मिटला आणि मी समोर उभी होते, गळ्यावर घाम आणि हातात मुखवटा घेऊन. आनंद व्हायला हवा होता. त्यांचं भांडण मिटलं आणि माझं तिथं सुरू झालं. बाई म्हणून शिवायचं नाही, हे निदान उघड होतं. हे त्याहून वाईट होतं. मला मारण्याच्या लायकीचंही त्यांनी धरलं नव्हतं, आणि ते मायेनं केलं होतं. मायेशी भांडायचं कसं?

परतीच्या वाटेवर कापूरहोळला चहाला थांबलो तेव्हा आबा सहज म्हणाले, "आता तुज्याकडंच ऱ्हाऊ दे त्यो. मान तुजा."  तेव्हापासून म्हैसासुर भोरला माझ्या घरी आहे.

पेपरात फोटो आला. त्या मुलीचं नाव होतं, काकांचं होतं, माझ्यासाठी 'स्थानिक महिला' असं लिहिलं होतं. नवरा म्हणाला, मुखवट्यात कुठं ओळखू येतेस, जाऊ दे. मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

नंतर संग्रहालयानं दोन्ही मुखवटे कायमचे मागितले. वरच्या वस्तीनं लगेच देवी देऊन टाकली. त्यांचं कारण खोटं नव्हतं. देऊळ गळतं, लाकडाला वाळवी लागत होती आणि नाचायला तरणं माणूस उरलं नव्हतं, सगळे शिरवळच्या कंपन्यांत. काकांनीही होकारार्थी मान हलवली होती. मी म्हैसासुर दिला नाही. त्या मुलीनं दोनदा फोन केला. म्हणाली, ताई, तिथं तो सुरक्षित राहील. मी म्हटलं, आम्हीही खाली प्लॉटवर सुरक्षितच आहोत.

मधे काका डोळे दाखवायला पुण्याला गेले होते, येताना माझ्याकडं उतरले. जेवता जेवता सांगत होते, देवीला बघायला गेलो होतो. दारात तिकीट काढायला लावलं, काढलं. काचेला हात लावून पाया पडलो तर पोरगा म्हणाला, आजोबा, हात लावू नका, डाग पडतात. काकांनी हे हसत सांगितलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ज्या माणसानं उभा जन्म तो चेहरा स्वतःच्या चेहऱ्यावर वागवला, त्याच्या हाताचा डाग!  मी विचारलं, जत्रेपुरती तरी देवी मागायची ना परत. ते म्हणाले, मागितली. लाकूड आता हलवता येत नाही म्हणाले. त्याऐवजी हुबेहूब फायबरची करून देणार आहेत.

यंदाच्या चैत्रात ती फायबरची देवी आली. काकांचा नातू सुट्टी काढून नाचणार होता. वरून मला निरोप आला, इतक्या वर्षांनी पुरं युद्ध करू, म्हैसासुर घेऊन या.

मी सकाळच्या एसटीनं गेले. देवळापुढं चकचकीत शेंदरी देवी पाटावर मांडली होती. मी मुखवट्याचं गाठोडं सोडलं आणि म्हणाले, सोंग मी घेणार. पंच एकमेकांकडं बघू लागले. एकानं समजुतीच्या सुरात सांगितलं, ताई, तुम्ही आणलात, तुमचा मान मोठा, नारळ तुमच्या हातनं फोडू, पण घालणारा गडीच पाहिजे. मी विचारलं, तुमची देवी फायबरची चालते आणि बाई चालत नाही? तो म्हणाला, देवी कशाचीबी असू दे, जत्रा गावातली हाय, म्युझियममधली न्हाई. काका देवळाच्या खांबाला टेकून बसले होते. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

मी मुखवटा परत बांधला आणि निघाले. मागून कुणीतरी म्हणालं, शिकल्याली बाई, काय करनार. संबळ सुरू झाला. नातू नाचायला लागला असणार, समोर कुणी नसताना.

भोरची गाडी दुपारनंतर होती. डांबरी रस्त्याला उतरून मी थांब्यापाशी दगडावर बसले. डोकं इतकं तापलं होतं की ऊन कळत नव्हतं. थोड्या वेळानं वरून एक म्हातारी उतरून आली, मग आणखी दोघी, मग सुना. जत्रेत थांबायचं सोडून इकडं का आल्या, ते कुणी सांगितलं नाही. गाडीला उशीर हाय, पाणी पी, म्हणाल्या. म्हातारीनं माझ्या मांडीवरच्या गाठोड्याकडं पाहिलं.

"सोडून दावतीस का गं?"

मी गाठ सोडली. तिनं आधी एका बोटानं शिंगाला हात लावला आणि इकडं तिकडं पाहिलं. मग दोन्ही हातांनी मुखवटा उचलला. तिच्या तोंडाकडं मी बघत राहिले.

"लई हलका हाय की," ती म्हणाली. "ही समदी म्हनायची, लई जड असतोय, बाईला पेलायचा न्हाई."

दुसरीनं हात पुढं केला, बघू म्हणाली. मग तिसरीनं. एक सून त्याच्या तोंडातून पलीकडं बघत होती, एक त्याच्या कपाळावरची धूळ पदरानं पुसत होती. कुणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही. या बायकांनी जन्मभर खळं सारवलं, लुगडी दिली, दहा हात लांब उभ्या राहिल्या, आणि इतकी साधी गोष्ट त्यांना कळू दिली नव्हती. देवळातल्या माणसांवर आला नव्हता एवढा राग मला तेव्हा आला, आणि तो कुणावर काढू ते समजेना.

गाडी आली. मुखवटा तेव्हा चौथ्या की पाचव्या बाईच्या हातात होता. कंडक्टरनं घंटी मारली तरी ती देईना.

"पुढच्या साली घिऊन ये," ती म्हणाली, आणि मग सोडला.